मंजूर आहे ना सगळ्यांना?

आपल्याकडच्या कुठल्याही सभेत एक क्षण हमखास येतो. सभा जमातीची असो, शाळेतल्या पालकांची असो, हाउसिंग सोसायटीची असो की बचत गटाची. बोलणाऱ्याचं बोलून झालेलं असतं, चहाचे कप फिरू लागलेले असतात, कुणाची तरी असरची नमाज राहिलेली असते, आणि खुर्चीवरून प्रश्न येतो, "मंजूर आहे ना सगळ्यांना?" दोघं-तिघं मान हलवतात. बाकीचे खाली सतरंजीकडे बघतात. वहीत लिहिलं जातं : ‘सर्वानुमते मंजूर’.

खरी सभा त्यानंतर सुरू होते. ती दाराशी, चपला शोधताना भरते. "मला तर पटलं नव्हतं." "मग बोलायचं ना!" "मी कुठं बोलू, मोठ्यांच्या पुढं?" या दुसऱ्या सभेला अध्यक्ष नसतो, वही नसते आणि शेवटही नसतो. ती घराघरांत, फोनवर, भाजीच्या गाडीपाशी पुढे चालू राहते. सहा महिन्यांनी दोन घरांचं बोलणं बंद होतं, आणि कारण विचारलं तर कुणालाच नीट सांगता येत नाही.

आमच्यापैकी काही जणी शाळेत शिकवतात, उर्दू आणि मराठी दोन्ही. त्यामुळे शब्दाचं मूळ शोधायची खोड आहे. ‘मंजूर’ हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूत आणि तिथून मराठीत आला. ज्या धातूपासून ‘नजर’ आला त्याच धातूपासून ‘मंजूर’. त्याचा मूळ अर्थ आहे पाहिलेलं, नजरेखालून गेलेलं. म्हणजे आधी सगळ्यांनी नीट पाहायचं आणि मग होकार द्यायचा, असा क्रम त्या शब्दातच आहे. आपण पाहण्याचा भाग गाळला आणि होकार तेवढा ठेवला. सभा चालवण्याचे जे नियम जगभर आहेत, ते या गाळलेल्या भागासाठी आहेत. ते आम्ही कसे शिकलो आणि त्यातून आमच्याकडे काय झालं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचं महिला मंडळ लहान आहे. २७ सदस्य, महिन्याला ५० रुपये वर्गणी, मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये महिन्यातून एक बैठक. काही वर्षांची वर्गणी आणि थोडी देणगी मिळून ६२,००० रुपये जमले होते. ही रक्कम जकातीची नव्हती, हे आधीच सांगतो. जकात कुठे खर्च करायची ते ठरलेलं आहे, त्यावर मतं घ्यायची नसतात. पण हे मंडळाचे साधे पैसे होते, आणि त्यांचं काय करायचं हा आमचा आम्हीच सोडवायचा प्रश्न होता.

आमच्या सदर आपा वयाने मोठ्या, दिलाच्या उदार, अडल्यानडल्याला धावून जाणाऱ्या. त्यांनी सुचवलं की देगा, पातेली आणि खुर्च्या घेऊ. लग्नकार्याला लोक बाहेरून महागाचं सामान आणतात. आपण कमी भाड्याने देऊ, मोहल्ल्याची सोय होईल आणि मंडळाला उत्पन्नही. सूचना चांगलीच होती. "मंजूर है ना सबको?" आपांनी विचारलं. कुणी काही बोललं नाही. झालं, मंजूर.

दाराशी मात्र निराळं ऐकू आलं. साड्यांना फॉल-बीडिंग करणाऱ्या एक भाभी आमच्यात आहेत. एका खोलीचं घर, त्यात शिलाई मशीन, टीव्ही, सासरे आजारी. मुलगी दहावीला. ती जिन्यातल्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची. हॉलच्या मागची खोली वर्षानुवर्षं बंद पडून आहे, तिथे टेबलं आणि ट्यूबलाइट लावली तर अशा दहा-बारा मुली बसतील, असं भाभींच्या मनात होतं. सभेत त्या गप्प राहिल्या, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या साड्यांतल्या निम्म्या सदर आपांच्या घरून आणि त्यांच्या ओळखीतून येतात. आपांनी ते काम कधीही बंद केलं नसतं, याची आम्हाला खात्री आहे. पण ज्याचं पोट अवलंबून असतं, त्याने एवढी खात्री धरायची कशाच्या बळावर?

गोष्ट तिथेच थांबली असती. थांबली नाही, ती वहीमुळे. सेक्रेटरीने बाजारातून छापील नोंदवही आणली होती. तिच्यात प्रत्येक ठरावाखाली दोन रकाने होते : सूचक आणि अनुमोदक. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचताना तिने सरळ विचारलं, "सूचक म्हणून आपांचं नाव लिहिते. अनुमोदक कोण होतं?" कुणालाच आठवेना, कारण कुणीच नव्हतं. "ठराव नेमका काय लिहू? किती देगा? किती रुपयांपर्यंत?" तेही ठरलं नव्हतं. सगळ्यांनी मंजूर केलेली गोष्ट नक्की कोणती, हे एकीलाही सांगता येईना.

आमच्यातल्या एकीचे सासरे ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेले. अख्खी नोकरी ग्रामसभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली. आम्ही चाचांना गाठलं. त्यांनी दोन दुपारी व्हरांड्यात बसवून आम्हाला शिकवलं, आणि इतकं सोपं करून शिकवलं की आमच्यातल्या शिक्षिकांनाही हेवा वाटावा.

पहिली गोष्ट, चर्चेला ठराव लागतो. ‘देगांचं काहीतरी बघू’ हा ठराव होत नाही. काय करायचं, किती पैशांत, कुणी, कधीपर्यंत, हे एका वाक्यात लिहून वाचून दाखवायचं. लिहायला बसलं की निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण आपल्याला काय हवंय ते आपल्यालाच कळतं.

दुसरी गोष्ट, अनुमोदक. आमची समजूत होती की अनुमोदन म्हणजे पाठिंबा. चाचा म्हणाले, तेवढंच नाही. अनुमोदन म्हणजे ‘हा विषय सभेचा वेळ घेण्याजोगा आहे’ असं दुसऱ्या एका माणसाने म्हणणं. अनुमोदन देऊन चर्चा ऐकल्यावर विरोधात मत देता येतं. २७ जणींत एकही अनुमोदक मिळत नसेल, तर त्या विषयावर सगळ्यांना तासभर बसवून ठेवायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट, चर्चा. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, समोरच्या बाईला उद्देशून नाही. ‘तुम्ही नेहमी असंच करता’ हे वाक्य त्यामुळे आपोआप गळतं. प्रत्येकीला एकदा बोलायला मिळेपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. चर्चा मध्येच बंद करून थेट मतं घ्यायची असतील, तर त्यासाठी साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश लागतात. निर्णय बहुमताचा, पण बोलण्याचा हक्क अल्पमताचाही. ही तोल सांभाळणारी दांडी आहे, असं चाचा म्हणाले.

चौथी, उपसूचना. समोर ठराव आला की आपल्याकडे दोनच वाटा वाटतात, हो म्हणा किंवा रुसा. तिसरी वाट आहे. ठरावातला एखादा शब्द बदला, आकडा कमी करा, काही जोडा. उपसूचनेवर आधी मत घ्यायचं आणि मग बदललेल्या किंवा न बदललेल्या मूळ ठरावावर.

पाचवी, मतदान. तोंडी ‘हो-नाही’ घेता येतं, हात वर करून घेता येतं, चिठ्ठीने घेता येतं. आमच्या मंडळाने एक नियम केला : एकाही सदस्याने चिठ्ठी मागितली तर चिठ्ठीनेच मतदान, आणि कारण विचारायचं नाही. अध्यक्षांनी एरवी मत द्यायचं नाही. दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच त्यांचं निर्णायक मत. लोकसभेच्या अध्यक्षांनाही संविधानाच्या कलम १०० ने हेच सांगितलंय. त्याच कलमात गणपूर्तीही आहे. एकूण सदस्यांच्या एक दशांश हजर हवेत, म्हणजे ५४३ च्या लोकसभेत ५५. आमचं मंडळ एवढंसं, म्हणून आम्ही निम्म्याहून जास्त ठेवली : १४.

"एका मताने काय होतं?" असं एकीने विचारलं, तेव्हा चाचांनी १७ एप्रिल १९९९ ची आठवण दिली. लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मतं पडली, विरोधात २७०. सरकार गेलं. व्हरांड्यात थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

हे नियम आले कुठून? इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये ते शतकानुशतकं घडत गेले, हे खरं. साध्या मंडळांसाठी ते सोपे करून लिहिणारा माणूस मात्र अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर होता, हेन्री मार्टिन रॉबर्ट. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावात त्याला एका चर्चच्या सभेचं अध्यक्षपद अचानक दिलं गेलं आणि ती सभा त्याला आवरली नाही. पुन्हा अशा सभेला जायचं ते नियम शिकूनच, असं त्याने ठरवलं, आणि १८७६ मध्ये त्याचं लहानसं नियमपुस्तक निघालं. आज जगभरातले क्लब, संस्था, संघटना त्याच्या आवृत्त्या वापरतात. धर्मस्थळाच्या चांगल्या माणसांच्या सभेतही गोंधळ होतो, यातून हे पुस्तक जन्मलं, हे आम्हाला दिलासा देणारं वाटलं.

पण हे सगळं परकं आहे, असं कुणी म्हणू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की बौद्ध भिक्षुसंघांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारं माहीत होतं. भारताने ते पुढे गमावलं. त्याच भाषणात त्यांनी सभेच्या कामाचा हिशेबही दिला. संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या होत्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ज्या पुस्तकाने आपल्याला नागरिक केलं, त्याचा शब्द न् शब्द असा नजरेखालून गेलेला आहे. त्या सभेत एकच मुस्लिम महिला सदस्य होत्या, बेगम ऐजाज रसूल. धर्मावर आधारलेल्या राखीव जागा नकोत, अशी भूमिका त्यांनी घेतली. आपल्यातल्या अनेकांना ती तेव्हा पटली नाही, आजही काहींना पटणार नाही. ती पटते की नाही हा भाग वेगळा. एकट्या बाईला भर सभेत आपल्या लोकांपेक्षा निराळं मत मांडता आलं आणि ते कायमचं नोंदलं गेलं, हे त्या सभेच्या पद्धतीमुळे.

आणि आपल्या दीनमध्ये तर सल्ल्याला किती वरचं स्थान आहे! कुरआनच्या ४२ व्या सूरहचं नावच ‘अश-शूरा’. ईमानवाले आपली कामं आपसांतल्या सल्ल्याने करतात, असं वर्णन तिथे ३८ व्या आयतीत नमाज आणि अल्लाहच्या वाटेतल्या खर्चाच्या बरोबरीने येतं. ‘शूरा’ आणि ‘मशवरा’ एकाच धातूचे, आणि अरबीत त्याच धातूपासून मधाच्या पोळ्यातून मध काढण्यासाठीही शब्द आहे. मध पोळ्यात असतो, तो काढावा लागतो. माणसाच्या मनातलं मतही तसंच. आपोआप बाहेर येत नाही.

सीरतमध्ये याचे प्रसंग जागोजागी आहेत. बद्रच्या वेळी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी जिथे तळ दिला होता, तिथे हुबाब बिन मुंजिर (रजि.) यांनी अदबीने विचारलं की ही जागा अल्लाहच्या आदेशाने आहे की आपलं मत आहे. मत आहे, असं कळल्यावर त्यांनी पाण्याच्या जवळची जागा सुचवली, आणि तळ हलला. आधी विचारलं, की हा विषय चर्चेचा आहे का. मग सुचवलं. सभेचा याहून चांगला धडा कुठला? हुदैबियाच्या कठीण प्रसंगी सल्ला दिला तो एका बाईने, उम्मे सलमा (रजि.) यांनी. आधी आपण स्वतः कुर्बानी करावी, असं त्यांनी सुचवलं. पैगंबरांनी (स.) तसं केलं आणि सगळे त्यांच्यामागे आले.

उहुदची गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त विचारात पाडते. शत्रू चालून येत होता. मदीनेतच राहून लढावं असा पैगंबरांचा (स.) स्वतःचा कल होता. बद्रला जाता न आलेल्या तरुणांचा आग्रह बाहेर पडून लढण्याचा होता आणि तो भारी पडला. पैगंबर (स.) घरात जाऊन चिलखत घालून बाहेर आले. तेवढ्यात तरुणांना वाटलं की आपण फार ताणलं. ते म्हणाले, आपल्याला हवं तसं करू. पण निर्णय झाला होता, आणि तो बदलला नाही. उहुदमध्ये मुसलमानांची मोठी हानी झाली, सुमारे ७० शहीद. या घटनेनंतर जो आदेश आला, तो सूरह आले इमरानच्या १५९ व्या आयतीत आहे : त्यांना माफ करा, आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा. ज्या सल्ल्यानंतर एवढं सोसावं लागलं, त्यानंतरही सल्ला घेणं थांबवायला सांगितलं गेलं नाही.

मशवरा आणि मतमोजणी एकच, असा आमचा दावा नाही. बहुमत अमीरावर बंधनकारक असतं का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो आमचा प्रांत नव्हे. आम्ही एवढंच म्हणतो की ज्याला सल्ला विचारला त्याला तो निर्भयपणे देता आला पाहिजे. देगा घ्यायच्या की टेबलं, यासाठी ती निर्भयता ठराव, उपसूचना आणि चिठ्ठीतून मिळत असेल, तर त्यात दीनच्या विरोधात काही नाही.

मग ती बैठक झाली. विषयपत्रिका आठ दिवस आधी घरोघरी दिली होती. १९ जणी आल्या. ठराव वाचला गेला : ‘मंडळाच्या शिलकेतून ४५,००० रुपयांपर्यंत दोन देगा, पातेली आणि ५० खुर्च्या घ्याव्यात आणि त्या मोहल्ल्यात भाड्याने द्याव्यात.’ सूचकाने ठरावाच्या बाजूने बोलायचं असतं, म्हणून मांडणी आपांनी स्वतः केली आणि तेवढ्यापुरती खुर्ची उपाध्यक्षांना दिली. मग पुन्हा खुर्चीवर बसल्या. त्यानंतर त्या चर्चेत पडल्या नाहीत.

उपसूचना एका तरुण सदस्याने आणली : ‘५० खुर्च्या’ हे शब्द वगळावेत, ४५,००० च्या जागी २०,००० असावेत, आणि २५,००० रुपये हॉलमागच्या खोलीत मुलींच्या अभ्यासिकेसाठी खर्चावेत. चर्चा तापली. एक खाला म्हणाल्या, "घरच्या घरी बायकांत हे मतदान कशाला? मनं दुखावतात." दुसरीने उत्तर दिलं, "खाला, दाराशी जे बोलणं होतं त्याने नाही दुखावत?" खाला हसल्या, म्हणाल्या, "हेही खरंच." तिसरीने अभ्यासिकेवर शंका काढली, की परीक्षा संपली की खोली दोन-तीन महिने रिकामी राहील, विजेचं मीटर मात्र चालू. सेक्रेटरीने तेही लिहून घेतलं.

फॉल-बीडिंगवाल्या भाभींनी एकच वाक्य बोललं : "मत चिठ्ठीने घ्यावं." कारण कुणी विचारलं नाही. नियम होता.

शाळेच्या वहीचे कागद फाडून १८ चिठ्ठ्या केल्या. उपसूचनेच्या बाजूने १०, विरोधात ८. मग बदललेल्या ठरावावर : बाजूने १३, विरोधात ४, एक कोरी. निकाल आपांनी स्वतःच्या आवाजात वाचला. आवाज किंचित जड होता. पण आकडे त्यांनी सावकाश, दोनदा वाचले, आणि खाली सही केली. त्या दिवशी दाराशी चपला घालायला नेहमीपेक्षा कमी वेळ लागला. ज्यांना बोलायचं होतं त्यांचं आत बोलून झालं होतं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट साखरेत घोळल्यासारखी होईल. अभ्यासिका सुरू झाली आणि मुली येऊ लागल्या. परीक्षा संपल्यावर खोली खरोखरच रिकामी पडली. देगा मात्र दर रविवारी कुणा ना कुणाच्या घरी. विरोधात बोललेल्या सदस्याला ‘मी सांगितलं नव्हतं?’ म्हणायची गरज पडली नाही, कारण वहीत तिचं बोलणं तारखेसकट होतं. आम्ही ते वाचलं, आणि उन्हाळ्याचे दोन महिने खोलीत शिवणवर्ग घ्यायचा ठराव केला. सूचक तीच. हरलेली बाजू लिहून ठेवली तर ती पुढच्या वर्षी कामाला येते, हे आम्ही त्या दिवशी पाहिलं.

भाभींनी नंतर स्वतःचा एक ठराव आणला. वर्गणी ५० वरून ३० करावी, असा. तो त्यांनी उर्दूत लिहून आणला होता. आम्ही वहीत मराठीत उतरवला आणि उर्दू कागदही शेजारी चिकटवला. चर्चा झाली. ठराव पडला, ६ विरुद्ध १२. आम्हाला वाटलं, त्या आता पुढच्या बैठकीला येतील की नाही. पुढच्या महिन्यात त्या वेळेआधीच हजर होत्या, सतरंजी अंथरत. आमच्या दृष्टीने मंडळ खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते अभ्यासिकेच्या दिवशी नाही, या दिवशी. आपला ठराव पडल्यावरही जिथे परत यावंसं वाटतं, ती सभा आपली.

नियमांचा गैरवापरही होतो, तो ओळखायला शिका. पैशांचा मोठा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या ओळीत घुसवला जातो, निम्मे लोक उठून गेल्यावर. म्हणून आम्ही लिहून ठेवलंय की विषयपत्रिकेत नसलेल्या खर्चावर त्या दिवशी मत घ्यायचं नाही. हाउसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधींत वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायला सांगितलंय, तेही याचसाठी. काही जण नियमांची भाषा बोलून दुसऱ्याला गप्प बसवतात. ज्याला ‘उपसूचना’ हा शब्द येत नाही त्याचंही म्हणणं उपसूचना असू शकतं. ते शब्दांत बसवून देणं हे अध्यक्षांचं काम. आणि काही गोष्टी मतदानाच्या नसतातच. कुणाची अब्रू, कुणाच्या घरातली भानगड, कायद्याने किंवा शरियतने ठरलेली बाब, यांवर हात वर करायचे नसतात.

शाळेत रोज वावरत असल्यामुळे शेवटी एक वेगळं सांगावंसं वाटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं म्हटलंय. कागदावर हे फार मोठं आहे. पण अनेक ठिकाणी आया येतात त्या फक्त सही करायला. वही पुढे सरकवली जाते, बोट ठेवून जागा दाखवली जाते, सही होते, आणि त्या मुलाचा डबा घेऊन घरी जातात. आपल्यातल्या कितीतरी बहिणी अशा समित्यांवर आहेत, बचत गटांत आहेत, सोसायटीत आहेत. कायद्याने जागा दिली आहे. त्या जागेवर बसून बोलायचं कसं, ते आपल्याला एकमेकींना शिकवावं लागेल, आणि त्यासाठी व्हरांड्यातल्या दोन दुपारी पुरतात.

पुढच्या वेळी वही समोर आली तर सहीआधी तीनच गोष्टी विचारा. ठराव काय आहे, वाचून दाखवाल का? तो कुणी मांडला आणि अनुमोदन कुणी दिलं? विरोधात कुणी बोललं का, आणि ते लिहिलंय का? विचारताना आवाज चढवायची गरज नाही. एवढं विचारलं की तो कागद आपल्या नजरेखालून गेलेला असेल. मंजूर म्हणायचं की नाही, ते त्यानंतर.